वाद ईव्हीएमवर, चोरी मात्र लॉगिन आणि ओटीपीतून! मतदारयादी, दाखले, योजना गावाने कशा सांभाळायच्या?

ओतूर (ता. जुन्नर) : निवडणूक लागली की पारावर, चहाच्या टपरीवर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. ईव्हीएम हॅक होते की नाही? एक म्हणतो, "सगळी सेटिंग असते." दुसरा म्हणतो, "हरलं की मशीन वाईट, जिंकलं की मशीन चांगलं." चहा संपतो, वाद संपत नाही.

त्याच वेळी बाजारपेठेतल्या एखाद्या सेवा केंद्रात काय चाललेले असते? फार्मर आयडी, पीकविमा, ई-केवायसी, जातीचा दाखला अशा कामांची रांग लागलेली असते. केंद्रवाला काउंटरमागून हाक मारतो, "आप्पा, ओटीपी आला का? सांगा बरं." आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही. ते सरळ फोनच त्याच्या हातात देतात आणि बाहेर जाऊन कांद्याचा भाव विचारत बसतात. यात काही धोका आहे असे कुणाला वाटतही नाही.

राज्यात अलीकडे उघडकीस आलेली प्रकरणे एकापुढे एक ठेवली, तर धोका मशीनपेक्षा या काउंटरवरच जास्त दिसतो. मशीनवर सगळ्यांचे डोळे असतात. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपीवर कुणाचेच नसतात.

आधी मशीनचे बघू

लोकसभा आणि विधानसभेला वापरतात त्या यंत्राचे तीन भाग असतात. आपण बटण दाबतो ते बॅलेट युनिट. मतदान अधिकाऱ्यापुढे असते ते कंट्रोल युनिट, मते यात साठतात. तिसरे व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापणारे यंत्र. आपण कुणाला मत दिले ती चिठ्ठी काचेतून सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते.

बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ही यंत्रे बनवतात. यंत्राला इंटरनेट, वायफाय, ब्लूटूथ काहीच जोडलेले नसते, असे निवडणूक आयोग सांगतो. त्यामुळे कुणी मुंबईत बसून ओतूरच्या शाळेतल्या मशीनमधली मते फिरवली, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट पटण्यासारखी नाही. यंत्राशी छेडछाड करायची तर यंत्र हातात यावे लागते.

म्हणून खरा प्रश्न असा, की यंत्र हातात येऊ शकते का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सासवडला पुरंदर तहसील कार्यालयाच्या आवारातील खोलीतून एक कंट्रोल युनिट चोरीला गेले. शनिवार-रविवारची सुट्टी संपवून सोमवारी, ५ फेब्रुवारीला कर्मचारी आले तेव्हा चोरी लक्षात आली. ते यंत्र मतदानाचे नव्हते, लोकांना माहिती देण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी ठेवलेले होते. पोलिसांनी संशयितांना पकडले, यंत्रही परत मिळवले. पण निवडणूक आयोगाने प्रकरण हलक्यात घेतले नाही. प्रांत, तहसीलदार आणि पोलीस उपअधीक्षक यांच्या निलंबनाचे आदेश निघाले. इथे ना कुणी हॅकर होता ना कॉम्प्युटर. साधे कुलूप आणि साधी राखण कमी पडली होती.

याआधी २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद यांनी परदेशी अभ्यासकांबरोबर एक जुने ईव्हीएम उघडून दाखवले होते. आतला डिस्प्लेचा भाग बदलला किंवा मेमरीला चिमटा लावला तर निकाल फिरवता येतो, असा त्यांचा दावा होता. ते यंत्र मुंबईच्या सरकारी ताब्यातून बाहेर आलेले निघाले आणि त्या प्रकरणात हरिप्रसाद यांना अटकही झाली. आयोगाचे म्हणणे वेगळे होते. बंदोबस्तात, सील केलेल्या हजारो यंत्रांना असे कुणी हात लावू शकत नाही, असे आयोग सांगत राहिला. दोन्ही बाजूंचे ऐकले तरी एक गोष्ट सारखीच राहते. यंत्राची सुरक्षा म्हणजे शेवटी यंत्राच्या राखणीची सुरक्षा.

पुण्याच्या पर्वती मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निकालाचा वादही मुंबई हायकोर्टात गेला होता. कोर्टाने २०१७ मध्ये यंत्र तपासणीसाठी हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायला लावले. तपासणीत छेडछाड आढळली नाही.

चिठ्ठी का महत्त्वाची?

यंत्र कितीही चांगले असले तरी साध्या मतदाराला त्याच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही मतमोजणी तपासता आली पाहिजे, असे सांगून त्या न्यायालयाने तिथली मतदान यंत्रे नाकारली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर कागदी चिठ्ठी आली. आता प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहतात.

२६ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने मतपत्रिकेवर परत जाण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याचबरोबर दोन नवे आदेश दिले. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरणारी युनिट सील करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवायची. आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केली तर पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून द्यायची. चिन्हे भरताना बाहेरचे उपकरण यंत्राला जोडावे लागते. शंका घेणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता.

गावकऱ्यांनी एक फरक मात्र लक्षात ठेवावा. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसते, चिठ्ठी दिसत नाही. म्हणजे जिथे एक-दोन मतांनी सदस्य पडतो, तिथेच कागदाचा पुरावा नाही. अशा वेळी मतदान सुरू होण्याआधीची चाचणी, सीलवरचे नंबर आणि किती मतदान झाले याचा आकडा, हे तीनच आधार प्रतिनिधीच्या हातात राहतात.

यंत्राआधी येते ती यादी

यंत्रात मत जाण्याआधी यादीत नाव असावे लागते. यादीचे काम आता ऑनलाइन चालते आणि इथे हात घालायला तहसीलचे कुलूप तोडावे लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघाचे उदाहरण घ्या. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या काळात तिथे नव्या मतदारांचे ७,५९२ अर्ज आले. आकडा बघून अधिकाऱ्यांना शंका आली. बीएलओ घरोघर गेले. कुठे दिलेल्या पत्त्यावर माणूसच नाही, कुठे कागदपत्रे नाहीत, कुठे फोटो नाही. ६,८६१ अर्ज बाद झाले आणि १९ ऑक्टोबरला राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. त्या निवडणुकीत राजुऱ्याचा निकाल लागला ३,०५४ मतांच्या फरकाने.

दुसरे उदाहरण अक्कलकोटच्या शेजारचे, पण कर्नाटकातले. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. एका बीएलओच्या लक्षात आले की आपल्याच नात्यातल्या माणसाचे नाव काढायचा अर्ज आलाय आणि तो शेजाऱ्याच्या नावाने केलेला आहे. शेजाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, मी असा अर्ज केलाच नाही. मग सगळे अर्ज तपासले गेले. त्यातले फक्त २४ खरे निघाले. एका अर्जामागे ८० रुपये दिले गेल्याची माहिती कर्नाटकच्या तपास पथकाच्या चौकशीतून बातम्यांत आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये या दोन्ही प्रकरणांवरून देशभर राजकीय गदारोळ झाला. त्यानंतर आयोगाने असे ऑनलाइन अर्ज करताना आधारच्या ओटीपीने ई-सही बंधनकारक केली. म्हणजे आता यादीचे दारही ओटीपीनेच उघडते.

हे आपल्याला किती लागू आहे? २०२४ च्या विधानसभेला जुन्नरचा निकाल ६,६६४ मतांनी लागला, शेजारच्या आंबेगावचा अवघ्या १,५२३ मतांनी. या दोन तालुक्यांत यादीत काही गडबड झाली असे कुणी समजू नये, तसा काही प्रकार समोर आलेला नाही. सांगायचे एवढेच, की राजुऱ्यात पकडले गेलेले बोगस अर्ज या दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त होते. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. मुळात चूक शिरली तर ती वॉर्डापर्यंत उतरते.

दीड हजारांच्या गावात २७ हजार जन्म

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार लोकसंख्येचे गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसामागे अठरा बाळे! गुन्हा दाखल झाला, सरकारने विशेष तपास पथक नेमले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर ग्रामपंचायतीचे जे लॉगिन असते, त्याचाच गैरवापर झाला होता.

आपल्याला वाटेल, चार खोट्या नोंदींनी गावाचे काय बिघडते? बिघडते ते असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, लायसन्स, पासपोर्ट आणि मतदारयादी या सगळ्याला जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. दाखला खोटा असला तर त्यावरची पुढची सगळी साखळी खोटी. शिवाय ज्या गावाच्या लॉगिनवरून असा प्रकार होतो, त्या गावाच्या खऱ्या दाखल्यांकडेही लोक संशयाने बघू लागतात. शेंदुरसनीच्या एखाद्या पोराने उद्या खरा दाखला पुढे केला, तर समोरचा दोनदा बघणारच.

ग्रामसेवकांकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोन-तीन गावांचा पदभार असतो. मीटिंग, वसुली, घरकुलाचे फोटो, सगळे त्यांच्याच गळ्यात. मग पासवर्ड ऑपरेटरला सांगितला जातो, भिंतीवर चिकटवला जातो, नाहीतर सगळ्या पोर्टलला एकच ठेवला जातो. कामाचा खोळंबा नको म्हणून हे घडते. पण आपली सहीच दुसऱ्याच्या ताब्यात देण्यासारखे ते आहे.

योजनेच्या पैशातही तोच मार्ग

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०२४ मध्ये, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील एक प्रकार बाहेर आला. दुसऱ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून एकाच घरातून तीसच्या आसपास अर्ज भरले गेले होते. उघड कसे झाले? नवी मुंबईत खारघरची एक महिला अर्ज करायला गेली, तर तिच्या आधारवर आधीच अर्ज झालेला निघाला.

एक रुपयात पीकविम्याचेही तसेच झाले. काही जिल्ह्यांत सेवा केंद्रांवरून सरकारी जमिनीचा, दुसऱ्याच्या रानाचा, नसलेल्या पिकाचा विमा काढला गेला. अखेर २०२५ च्या खरिपापासून ती योजनाच बंद झाली. गैरप्रकार करणारे मूठभर होते, भुर्दंड मात्र सगळ्या शेतकऱ्यांवर बसला.

आता तर चोर सेवा केंद्रापर्यंतही जात नाहीत. व्हॉट्सॲपवर पीएम किसान, ई-चलन किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असे इंग्रजी अक्षर असते. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. उघडले की ते मेसेज वाचायची परवानगी मागते. आपण 'अलाव' दाबतो आणि पुढचा प्रत्येक ओटीपी आपल्याआधी चोराला कळतो. फाइल बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून आलेली असते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

ओटीपी म्हणजे आजचा अंगठा

पुणे जिल्ह्याला हा धडा नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी शेतकरी न वाचता सावकाराच्या कागदावर अंगठा द्यायचे. कागदावर काय लिहिले ते जमीन गेल्यावर कळायचे. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. पुढे १८७९ मध्ये इंग्रज सरकारला कायदा करावा लागला आणि शेतकऱ्यांचे दस्त निबंधकापुढे करण्याची सोय झाली. व्यवहार उघड्यावर झाला, चार माणसांना दिसला, तरच फसवणूक आटोक्यात राहते, हा त्याचा अर्थ.

ओटीपी हा आजचा अंगठाच आहे. वर आलेला मेसेज न वाचता तो देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे.

वरची प्रकरणे पुन्हा पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. चोरी पकडली ती कुठल्या महागड्या सॉफ्टवेअरने नव्हे. राजुऱ्यात बीएलओ पत्त्यावर गेले म्हणून कळले. आळंदला शेजाऱ्याला विचारले म्हणून कळले. खारघरला एका बाईने आपल्या नावाचे काय झाले ते विचारले म्हणून कळले. माणूस माणसाला ओळखतो, हीच गावाची सगळ्यात मोठी सुरक्षा आहे. बीएलओने घरी बसून टिकमार्क केली असती तर हे सगळे अर्ज निघून गेले असते.

प्रत्येक घराने एवढे करावे

- यादीत नाव बघा. निवडणूक लागल्यावर नव्हे, वर्षातून दोनदा. मतदार ओळखपत्राच्या नंबरवरून आयोगाच्या मोबाईल ॲपवर किंवा १९५० या नंबरवर नाव तपासता येते. नवे नाव घालायला फॉर्म ६, नाव वगळायला किंवा हरकतीला फॉर्म ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलायला फॉर्म ८.
- ओळखपत्राला आपलाच मोबाईल नंबर जोडा. हे काम फॉर्म ८ भरून होते. नंबर बदलला असेल तर आधार आणि बँकेतही बदला. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते.
- ओटीपीचा मेसेज आधी वाचा. तो कशासाठी आलाय ते त्यातच लिहिलेले असते. काम फार्मर आयडीचे आणि मेसेज बँकेचा, असे असेल तर तिथेच थांबा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला बरोबर न्या.
- अर्जाची पावती घ्या. पावती नसलेला अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या हातातला कोरा कागद.
- आधारचे बोट लॉक करा. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉकची सोय आहे. दुसऱ्या राज्यांत खरेदीखतावरच्या ठशांवरून बनावट बोटे तयार करून खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणे झाली आहेत. फक्त रेशन घेताना किंवा अंगठा द्यायचा असेल तेव्हा लॉक थोड्या वेळासाठी उघडावे लागते, हे लक्षात ठेवा.
- पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार झाली तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. उद्या बघू म्हटले की पैसे चार खाती फिरून जातात.

आणि गावाने एवढे

मतदानाच्या दिवशी प्रतिनिधीने केंद्रावर नुसते बसू नये. विधानसभा-लोकसभेला सुरुवातीच्या चाचणीत किमान ५० मते टाकून निकाल दाखवतात. त्या वेळी हजर राहावे, सीलचे नंबर वहीत लिहावेत. शेवटी किती मते पडली याची १७-सी फॉर्मची प्रत सही घेऊन मागावी आणि मोजणीच्या दिवशी आकडा जुळवावा. चिठ्ठीत दुसरेच चिन्ह दिसले तर तिथेच लेखी तक्रार करता येते. मात्र तक्रार खोटी ठरली तर गुन्हा होतो, म्हणून ऐकीव गोष्टीवर ओरड करू नये.

ग्रामपंचायतीने महिन्याला किती जन्म, मृत्यू, विवाह नोंदले याचा आकडा फलकावर लावावा. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना गावात किती बाळे झाली ते तोंडपाठ असते. आकडा जुळला नाही तर महिन्याभरातच लक्षात येईल, २७ हजारांपर्यंत जाणार नाही. ऑपरेटर बदलला की पासवर्डही बदलला पाहिजे, हा ठराव ग्रामसभेत करायला एक पैसा लागत नाही.

सातबारा ऑनलाइन करताना २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले होते. नावे मोठ्याने वाचली, लोकांनी तिथल्या तिथे चुका दाखवल्या. मतदारयादी प्रारूप म्हणून लागते तेव्हाही हरकतीसाठी मुदत असते. त्या मुदतीत ग्रामसभेत वॉर्डवार यादी वाचली तर मेलेला कोण, लग्न होऊन गेलेली कोण, आणि या गावात कधीच न राहिलेला कोण, हे तासाभरात बाहेर येईल. ओतूरसारख्या मोठ्या गावात तासाऐवजी दोन दिवस लागतील. पण पुढच्या निवडणुकीत कुणी मशीनवर बोट दाखवले, तर निदान यादी आपण तपासलेली आहे, हे गावाला छातीठोक सांगता येईल.